चतकोर खरी, पण भाकरी केवढी?

दहावीला सांख्यिकीचं प्रकरण लागलं की दोन-तीन दिवस वर्गात कंपास आणि कोनमापकांची नुसती खडखड असते. वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाचे तुकडे पाडून वाटे दाखवणारं चित्र, मुलांना आवडतो. सूत्र एकच: घटकाची किंमत भागिले एकूण, गुणिले ३६०. केंद्रीय कोन काढायचा, वर्तुळपाकळ्या पाडायच्या, रंग भरायचे. भूमितीला घाबरणारी मुलंही इथे हसऱ्या चेहऱ्यानं वही दाखवायला येतात. इतकी वर्षं मीही पुस्तकातलीच उदाहरणं देत आले. मागच्या वर्षी वाटलं, एकदा खरे आकडे द्यावेत. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातले दोन आकडे फळ्यावर लिहिले. माणशी महिन्याच्या खर्चात अन्नाचा वाटा ग्रामीण भारतात ४६.३८ टक्के, शहरी भारतात ३९.१७ टक्के. म्हटलं, दोन वर्तुळं शेजारी शेजारी काढा आणि काय दिसतं ते खाली एका वाक्यात लिहा.

मुलांनी कोन काढले. एकीकडे साधारण १६७ अंश, दुसरीकडे १४१. गावाच्या वर्तुळात जवळजवळ अर्ध्यापर्यंत पसरलेली पाकळी, शहराच्या वर्तुळात तिच्याहून बारीक. आणि खाली बहुतेक सगळ्यांचं एकच वाक्य: ‘गावातली माणसं शहरातल्या माणसांपेक्षा खाण्यावर जास्त पैसे खर्च करतात.’ मी वह्या तपासत पुढे सरकत होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत खालची ओळ कोरी होती. वर्तुळं काढली होती, पण वाक्य लिहिलेलं नव्हतं. का नाही लिहिलं विचारलं, तर म्हणाली, “बाई, गावातल्या माणसाचा सगळा खर्च किती आणि शहरातल्याचा किती, ते तुम्ही फळ्यावर लिहिलंच नाही.”

तिचे वडील शेती करतात आणि आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतात. गल्ला मोजताना तीही शेजारी असते. तिला एकूण रकमेशिवायच्या टक्क्यात अडखळायला झालं, आणि मला झालं नव्हतं, ही गोष्ट मला लागली. मी आकडे लिहिले. ग्रामीण माणसाचा महिन्याचा खर्च ३,७७३ रुपये, शहरी माणसाचा ६,४५९. तिनं तिथल्या तिथे गुणाकार केला. गावात अन्नावर माणशी सुमारे १,७५० रुपये, शहरात सुमारे २,५३०. ज्याची पाकळी मोठी, त्याचा पैसा कमी. वर्गातली बाकीची वाक्यं खोडली गेली.

एका मुलानं लगेच नवं वाक्य सुचवलं, “म्हणजे शहरातली माणसं जास्त खातात.” तेही लिहू दिलं नाही. जास्त खर्च करणं म्हणजे जास्त खाणं नव्हे. शहरात भाजीचा भाव वेगळा, दूध पिशवीतलं, एखादा डबा विकतचा. आकडा खर्चाबद्दल बोलतो, पोटाबद्दल नाही. तो तास तिथेच संपला, पण तेव्हापासून छापलेला कुठलाही वृत्तालेख मी तिच्यासारखा बघायला लागले आहे. आणि जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: ज्या वृत्तालेखाखाली एकूण रक्कम किती आणि हे टक्के नेमके कशाचे, या दोन गोष्टी छापलेल्या नाहीत, तो सरकारनं, पालिकेनं, पंचायतीनं लोकांसमोर ठेवू नये आणि वर्तमानपत्रांनी छापू नये. हा छपाईच्या सोयीचा बारीक मुद्दा नाही. आपला पैसा कुठे जातो हे आपल्याला कळतं की नाही, याचा तो मुद्दा आहे.

आपल्या घरात हा हिशेब नेहमी नीट होत आला. पोराला चतकोर भाकरी वाढली, तर ती मोठ्या थापलेल्या भाकरीची चतकोर आहे की तव्यावर उरल्यासुरल्या पिठाच्या भाकरीची, हे पोराला ताटात दिसतं. चतकोरही दिसते आणि भाकरीही. कागदावरच्या वर्तुळात भाकरी कायम एकाच मापाची थापलेली असते. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प असो की देशाचा, वर्तुळ तेवढंच. टक्का काढणं म्हणजे भाकरी मुद्दाम शंभराच्या मापात बसवणं. त्यानंच तर दोन वेगळ्या भाकऱ्यांची तुलना शक्य होते. पण ते करताना खऱ्या भाकरीचं माप पुसलं जातं, आणि ते परत लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला ते कुठूनही मिळत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण दरवर्षी, सहसा १ फेब्रुवारीला, केंद्राचा अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशी घरोघर येतं. ‘रुपया आला कुठून, गेला कुठे’. रुपयाचं गोल नाणं, त्याचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर पैसे लिहिलेले. २०२५-२६च्या अर्थसंकल्पातला गेलेला रुपया असा: राज्यांचा करांमधला वाटा २२ पैसे, व्याज २०, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६, संरक्षण ८, केंद्र पुरस्कृत योजना ८, वित्त आयोगाची आणि इतर हस्तांतरणं ८, अनुदानं ६, निवृत्तिवेतन ४, इतर खर्च ८. बेरीज बरोबर शंभर. चित्र छान, भाषा सोपी. मी ते कात्रण कित्येक वर्षं वर्गात लावत असे.

आता व्याजाचे ते २० पैसे हातात घेऊन बघू. त्या वर्षी व्याजापोटी धरलेली रक्कम १२ लाख ७६ हजार कोटींच्या घरात आहे. केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. भागाकार करा, उत्तर येतं सुमारे २५ टक्के. मग नाण्यावर २० कसे? कारण नाण्यातला रुपया हा केंद्राच्या खर्चाचा रुपया नाहीच. त्यात राज्यांना जाणारा करांचा वाटा, १४ लाख २२ हजार कोटी, मिळवलेला आहे. हा वाटा केंद्राच्या ५० लाख ६५ हजार कोटींच्या खर्चात धरत नाहीत. तो आधीच वजा झालेला असतो. नाण्यासाठी मात्र दोन्ही एकत्र केले, म्हणजे पाया झाला जवळजवळ ६४ लाख ८८ हजार कोटींचा, आणि व्याजाचा तुकडा पंचविसावरून विसावर आला. आणि तीच व्याजाची रक्कम सरकारच्या महसुली जमेशी, म्हणजे कर्ज सोडून होणाऱ्या करांच्या आणि इतर कमाईशी, ३४ लाख २० हजार कोटींशी ताडून पाहिली तर ३७ टक्के.

वीस, पंचवीस आणि सदतीस. रक्कम एकच, तिन्ही टक्के खरे. ‘व्याजात रुपयातले वीसच पैसे जातात’ म्हणणारा खोटं बोलत नाही, आणि ‘कमावलेल्या शंभरातले सदतीस व्याजात जातात’ म्हणणाराही नाही. पण पहिलं वाक्य ऐकणाऱ्या माणसाच्या मनात जे चित्र उभं राहतं आणि दुसरं ऐकणाऱ्याच्या मनात जे उभं राहतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घराचंच घ्या. पगार तीस हजार, हप्ता दहा हजार. हप्ता म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. पण त्या महिन्यात उसने घेतलेले दहा हजार जमेत धरून चाळीस हजारांवर टक्के काढले, तर तोच हप्ता चौथा हिस्सा दिसतो. हप्ता तोच, घरातली ओढाताणही तीच.

संरक्षणाचंही तसंच. त्या वर्षी संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी मिळाले आणि सरकारनंच सांगितलं की हे एकूण अर्थसंकल्पाच्या १३.४५ टक्के आहेत. नाण्यावर संरक्षण ८ पैसे. दोन्ही सरकारी कागद, दोन्ही बरोबर. नाण्यात पाया मोठा धरला आहे आणि लष्करी निवृत्तिवेतन संरक्षणाच्या तुकड्यातून काढलेलं आहे. एखाद्या चौकातल्या चर्चेत एक जण आठ म्हणेल, दुसरा तेरा म्हणेल, आणि दोघं एकमेकांना खोटारडे ठरवून घरी जातील. दोघांच्याही हातात पुरावा असेल. नसेल ती फक्त एक ओळ: कशाचे टक्के.

मूळ अर्थसंकल्पीय कागदात चित्राखाली बारीक अक्षरात टीप असते की राज्यांचा वाटा यात धरलेला आहे. ती वर्तमानपत्राच्या पानापर्यंत येता येता गळते आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात तर तिचा मागमूसही राहत नाही. टीप गळाली की चित्राचा अर्थच बदलतो, म्हणून ती नुसती तळटीप म्हणून ठेवू नये. ती चित्राच्या आत, नाण्याच्या मधोमध, मोठ्या अक्षरात असावी: ‘हा रुपया म्हणजे ६४ लाख ८८ हजार कोटी, राज्यांचा वाटा धरून.’ एवढ्यानं चित्राला काहीही बाधा येत नाही.

दोन वर्षांची दोन वर्तुळं शेजारी ठेवली की घोळ आणखी वाढतो, आणि तुलना तर लोक तशीच करतात. जुलै २०२४मध्ये मांडलेल्या २०२४-२५च्या अर्थसंकल्पात आलेल्या रुपयातले २७ पैसे कर्जाचे आणि इतर दायित्वांचे होते. २०२५-२६मध्ये ते २४ झाले. ऐकताना वाटतं, सरकारनं कर्ज घेणं चांगलंच आवरतं घेतलं; सत्तावीसमधले तीन कमी, म्हणजे अकरा टक्क्यांची घट. रुपयांत पाहा. अंदाजित वित्तीय तूट, म्हणजे कर्जातून भरून काढायची रक्कम, १६ लाख १३ हजार कोटींवरून १५ लाख ६९ हजार कोटींवर आली. घट पावणेतीन टक्क्यांची. बाकी सगळं काम भाकरी मोठी झाल्यानं केलं. उलट बाजूला कंपनी कर पाहा. दोन्ही वर्षी १७ पैसे. तुकडा तसूभरही हललेला दिसत नाही, पण रक्कम १० लाख २० हजार कोटींवरून १० लाख ८२ हजार कोटींवर गेली आहे. वाटा स्थिर, पैसा ६२ हजार कोटींनी जास्त. वर्तुळ वाट्याची गोष्ट सांगतं. वाढीची आणि घटीची गोष्ट सांगणं त्याला जमतच नाही. आपण ती त्याच्याकडून ऐकतो आणि फसतो.

इथे मला भाषेचाही एक धागा ओढावासा वाटतो, कारण वर्गात तो रोज आडवा येतो. ‘सत्तावीसवरून चोवीस झाले’ याला ‘तीन टक्क्यांनी कमी झाले’ म्हणायचं की ‘अकरा टक्क्यांनी’? आपल्या बातम्यांत दोन्ही अर्थांना ‘टक्क्यांनी’ हाच शब्द चालतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वासहावर आणला तेव्हा सगळीकडे ‘पाव टक्क्याची कपात’ असं छापून आलं आणि कुणाचाही गैरसमज झाला नाही, कारण व्याजदर आपण तसाच बोलतो. पण पाणीपुरवठ्याचा वाटा वीस टक्क्यांवरून पंचवीस झाला आणि बातमी ‘पाच टक्के वाढ’ म्हणाली, की वाचणारा बुचकळ्यात पडतो. वाटा पाच अंकांनी वाढला, आधीच्या वाट्याच्या मानानं पंचवीस टक्क्यांनी वाढला, आणि रुपये किती वाढले किंवा वाढले की नाही, ते वेगळंच.

या गोंधळावर औषध आपल्या जुन्या बोलीत आहे. रुपयातले पैसे. ‘रुपयामागे तीन पैसे कमी झाले’ या वाक्याचा दुसरा अर्थ निघतच नाही. त्याच्याही आधी, १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत, आपली माणसं रुपयातल्या सोळा आण्यांत वाटे मोजत होती. चार आणे वाटा, आठ आणे भागीदारी. अजूनही ‘सोळा आणे खरं’ म्हणतो तेव्हा त्या शब्दांत पूर्ण भाकरी डोळ्यांपुढे असते. आणे म्हटलं की कुठल्या रुपयातले, हा प्रश्न आपोआप येतो. टक्का म्हटलं की तो येत नाही. टक्का स्वतःच्या पायावर उभा असल्यासारखा वाटतो. म्हणून दोन वाट्यांमधला फरक सांगताना बातमीदारांनी पैशांची भाषा वापरावी आणि वाढ-घट सांगताना रुपयांची.

आता डोळ्यांकडे वळते. वृत्तालेख जुना आहे. विल्यम प्लेफेअर यानं १८०१मध्ये छापलेल्या पुस्तकात तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप आणि आफ्रिका यांत कसा विभागला आहे हे एका वर्तुळात दाखवलं. तीन तुकडे, एकमेकांहून स्पष्ट वेगळे. तीन तुकड्यांना वर्तुळ शोभतं. नऊ तुकड्यांना नाही. १९८४मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची उंची आपण बरीच अचूक ओळखतो, कोन ओळखताना मात्र जास्त चुकतो. कोनमापक वापरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. एक टक्का म्हणजे ३.६ अंश. माझ्या वर्गात पेन्सिलीला टोक नसलं तरी दोन अंशांचा फरक पडतो. आणि त्या नाण्यात एक पैसा म्हणजे सुमारे ६५ हजार कोटी रुपये! डोळ्याला धड न दिसणाऱ्या फटीत एवढी रक्कम बसते. त्या वर्षी संपूर्ण देशाच्या रोजगार हमीसाठी, मनरेगासाठी, ठेवलेले ८६ हजार कोटी म्हणजे त्या रुपयातला सव्वा पैशाहून थोडा जास्त. कोट्यवधी कुटुंबांच्या कामाची तरतूद तिथे स्वतंत्र रेषेलाही पात्र ठरत नाही. म्हणून पाकळीवर आकडा लिहिणं ही सजावट नाही. नुसत्या आकारावरून तुलना करायला लावणं हे वाचणाऱ्याला अंधारात चाचपडायला लावणं आहे. त्यात फ्लेक्सवर छापताना वर्तुळ तिरकं, जाड, चकलीच्या सोऱ्याच्या चकतीसारखं दाखवायची पद्धत पडली आहे. त्यात पुढची पाकळी असते त्याहून मोठी दिसते, मागची बारीक. कुणी मुद्दाम करत नसेलही, पण पुढे कोणती पाकळी ठेवायची हे कुणीतरी ठरवतंच.

आणि काही वेळा वर्तुळ काढणंच चूक असतं. २००९मध्ये शिकागोच्या एका वाहिनीनं अध्यक्षपदाच्या इच्छुकांना असलेला पाठिंबा वर्तुळात दाखवला: ७०, ६३ आणि ६० टक्के. बेरीज १९३. लोकांना एकाहून अधिक नावं निवडता येत होती. हे पाहून आपण हसतो, पण ‘तुमच्या गावात कोणत्या समस्या आहेत’ असं विचारून, प्रत्येकाकडून तीन-तीन उत्तरं घेऊन, त्यांचं वर्तुळ केलेले अहवाल मी आपल्याकडेही पाहिले आहेत. बेरीज शंभरवर आणण्यासाठी त्यात टक्के ठोकून बसवलेले असतात. पाण्याची अडचण सगळ्यांनी सांगितलेली असली, तरी तिथे ती तेहतीस टक्के लोकांचीच दिसते.

निवडणुकांच्या निकालात दोन वर्तुळं नेहमी शेजारी येतात, मतांचं आणि जागांचं. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेत शरद पवार यांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा मिळाल्या. अजित पवार यांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतं आणि ४१ जागा. एका वर्तुळात ज्याची पाकळी मोठी, दुसऱ्यात त्याची लहान. यावर त्या काळात घराघरांत वाद झाले. त्या वादांत एक आकडा क्वचितच कुणी घेतला: पहिल्यानं ८६ जागा लढवल्या होत्या, दुसऱ्यानं ५९. टक्केवारी मात्र दोघांचीही राज्यातल्या एकूण मतांवर काढलेली. जास्त ठिकाणी उभं राहणाऱ्याची मतं जास्त ठिकाणांहून गोळा होतात. निकालाचं सगळं स्पष्टीकरण यात नाही. पण पाया विचारल्याशिवाय त्या दोन पाकळ्यांवर बोलायला सुरुवातच करता येत नाही.

माझ्या या आग्रहाला ओळखीच्या लोकांकडून दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं की, ‘पन्नास लाख कोटी’ हा आकडा सामान्य माणसाच्या डोक्यात मावत नाही, म्हणून तर टक्के करून सोपं सांगतात. यात तथ्य आहे. ३,७७३ आणि ६,४५९ यांची तुलना टक्क्यांशिवाय अर्धवटच राहते. गावातल्या माणसाच्या खर्चातला जवळजवळ अर्धा भाग पोटासाठीच जातो, औषध, शिक्षण, कपडे, प्रवास या सगळ्यांना उरलेल्या निम्म्यात भागवावं लागतं, ही ओढाताण १,७५० रुपयांत दिसत नाही, ४६ टक्क्यांत दिसते. २०११-१२मध्ये हाच ग्रामीण वाटा ५२.९ टक्के होता. तो अर्ध्याखाली आला, ही बातमी टक्क्यांमुळेच कळली. त्याच काळात अन्नावरचा रुपयांतला खर्च साडेसातशेच्या आसपास होता तो १,७५० झाला, आणि त्यात महागाई किती हे पुन्हा वेगळं काढावं लागतं. म्हणून टक्के नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. टक्क्याला सोबत हवी. एका ओळीत एकूण रक्कम लिहिल्यानं चित्र अवघड होत नाही.

दुसरं उत्तर मला पटत नाही आणि त्याचा रागही येतो. ते असं की, लोकांना पाया-बिया कळत नाही, त्यात त्यांना रस नसतो. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बैठकीला बसून पाहा. चौथी शिकलेली बाई बाहेरच्या कर्जवाल्याला पहिला प्रश्न विचारते, “व्याज मूळ रकमेवर लावणार की घटत्या शिलकेवर?” शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस, हे ती बोटांवर सांगते, आणि हप्ते भरूनही मूळ रकमेवरच व्याज धरलं तर खरा भार चोवीसहून किती तरी जास्त बसतो, हे तिला अनुभवानं ठाऊक असतं. ‘कशाचे टक्के’ हाच तो प्रश्न. जिथे स्वतःचा पैसा गुंतला आहे तिथे माणसं पाया विचारतात. सरकारी रुपयातही त्यांचाच पैसा आहे, पण तिथे विचारायला जागाच ठेवलेली नसते.

शाळेकडेही बोट दाखवते, आणि त्यात मी आले. आपण वृत्तालेख काढायला शिकवतो. वाचायला फारसा शिकवत नाही. परीक्षेत केंद्रीय कोन विचारला जातो, मुलं तो काढतात, गुण मिळतात. नववीतल्या शतमान स्तंभालेखाचीही तीच गत. दोन खांब सारख्या उंचीचे काढायचे, कारण दोन्ही शंभराचे, आणि त्या सारख्या उंचीनं काय झाकलं गेलं हे विचारायचं नाही. एक साधा प्रश्न प्रश्नपत्रिकेत यावा असं मला फार वाटतं: दोन वृत्तालेख द्यावेत, एकूण रकमा देऊ नयेत, आणि विचारावं, ‘पुढीलपैकी कोणतं विधान या चित्रांवरून करता येणार नाही?’ हा प्रश्न सोडवणारं मूल पुढे मतदार म्हणून, कर्जदार म्हणून, पंच म्हणून रोज कामाला येईल अशी गोष्ट शिकलेलं असेल. मी आता वहीत वर्तुळ काढण्याआधी पानाच्या डोक्यावर दोन ओळी लिहायला लावते: एकूण किती, कशाचे. त्या ओळी नसतील तर पुढचं तपासत नाही.

जानेवारीत पालकसभेला त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील आले होते. पोरीचे गुण विचारून झाले, तरी ते बसूनच राहिले. पिशवीतून वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान काढलं. तालुक्यातल्या गावांची अंतिम पैसेवारी जाहीर झाली होती. खरिपाचं पीक प्रमाण उत्पन्नाच्या मानानं रुपयात किती पैसे आलं, ते सांगणारा हा आकडा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पूर्वी याला आणेवारी म्हणत. वर्षानुवर्षं पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर आली तर नाही, असाच हिशेब होता. शेतसाऱ्यात सूट, पंपाच्या वीजबिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. केंद्राची २०१६ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आल्यावर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती हे निकष पुढे आले, तरी पैसेवारी दरवर्षी निघतेच आणि गाव तिच्याकडे डोळे लावून बसतंच. त्यांच्या गावाची पन्नासच्या थोडी वर होती.

“बाई, सोयाबीन सगळं पाण्यात गेलं आमचं,” ते म्हणाले. “तरी रुपयात निम्म्याच्या वर पीक आलं म्हणतात. पोरगी म्हणते, बाईंना विचारा. हा रुपया कुठला धरलाय? कुठल्या सालचं पीक पूर्ण सोळा आणे मानलंय त्यांनी, आणि कुणाच्या वावरात मोजलंय?”

मी पान उलटसुलट करून पाहिलं. गावांची नावं होती, त्यांच्यापुढे पैसे होते. बाकी काही छापलेलं नव्हतं. तहसील कचेरीत अर्ज देऊन प्रमाण उत्पन्नाचा आकडा आणि कापणी प्रयोगाच्या प्लॉटचे गट नंबर मागायचे असं ठरलं. अर्ज त्यांच्या पोरीनं तिथेच माझ्या टेबलावर बसून लिहिला.